बारमध्ये जेवलो, वसतिगृहात राहिलो

पवनीच्या बसस्टँडवर उतरून चहाच्या टपरीपर्यंत जायला मला हल्ली अर्धा तास लागतो. अंतर शंभर पावलांचं. पण वाटेत माणसं अडवतात. “का जी, पोलंडले गेल्ते म्हणते?” हा पहिला प्रश्न. “गेलो होतो बा,” म्हटलं की लगेच दुसरा, “किती पैसे लागले?” तिथे काय पाहिलं, हे फार थोडे विचारतात. खर्चाचा आकडा ऐकून मात्र सगळेच आधी माझ्या चपलांकडे आणि मग तोंडाकडे बघतात. निवृत्त बँकवाल्याने एवढा पैसा कुठून आणला, असा तो नजरेतला प्रश्न असतो.

तेव्हा हिशेब आधी सांगून टाकतो. सदतीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला हिशेब दिल्याशिवाय चैन पडत नाही. २०२३ सालच्या जुलैत मी आणि सौ. असे दोघे अठरा दिवस पोलंडमध्ये होतो. दोघांचं विमानाचं जाण्यायेण्याचं भाडं १ लाख ३४ हजार. व्हिसा, सक्तीचा प्रवासविमा आणि त्यासाठीच्या मुंबईच्या फेऱ्या मिळून २७ हजार. तिथलं राहणं, खाणं, फिरणं १ लाख १२ हजार. एकूण २ लाख ७३ हजार. त्या दिवसांत पोलंडचा एक झ्वॉटी साधारण वीस रुपयांना पडत होता. आमच्या शेजारच्याने त्याच उन्हाळ्यात मुलीच्या लग्नात नुसत्या मंडप-रोषणाईवर याहून जास्त खर्च केला. त्याला कुणी टपरीपाशी अडवल्याचं ऐकिवात नाही.

पण पोलंडच का? लंडन नाही, पॅरिस नाही, चारधाम तर नाहीच. याचं उत्तर टपरीवर देता येण्यासारखं नाही, म्हणून ते इथे लिहितो.

नव्वदीच्या सुरुवातीला माझी बदली कोल्हापूरजवळच्या गांधीनगर शाखेत झाली. वैनगंगेच्या काठचा माणूस पंचगंगेच्या काठी. गांधीनगर म्हणजे कापडाची घाऊक पेठ. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी उभी केलेली. सकाळपासून गठ्ठे, हातगाड्या, हुंड्या आणि रोख भरणा करणाऱ्यांची रांग. अशाच एका ३० सप्टेंबरला, सहामाही बंदच्या दिवशी, दुपारी तीनच्या सुमारास एक गोरी बाई शाखेत आली. साठीची असेल. बरोबर तिशीतला मुलगा. तिच्या हातात एक काळापांढरा फोटो होता. लांबलचक कौलारू बराकी, पुढे दोरीवर वाळत घातलेले कपडे, आणि एका बराकीच्या दारात उभ्या चारपाच मुली. ती इंग्रजीत म्हणाली की, ही जागा तिला शोधायची आहे. बराकीचा नंबर तिच्याकडे आहे.

माझ्या टेबलावर ताळेबंद जुळत नव्हता. सातशे बारा रुपयांचा फरक होता, हे मला आजही आठवतं. मी फोटोकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. म्हणालो, “ग्रामपंचायतीत विचारा.” ती क्षणभर थांबली आणि चक्क कोल्हापुरी हेल काढून म्हणाली, “बरं, बरं.” मग दोघं निघून गेली.

ताळेबंद रात्री साडेदहाला जुळला. दुसऱ्या दिवशी एक वयस्क सिंधी व्यापारी खात्याचं काही विचारायला आले, त्यांना सहज हे सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, “साहेब, आम्ही आलो तेव्हा इथे त्यांच्याच बराकी होत्या. माझ्या आईने पहिली चूल पेटवली ती त्यांच्याच भिंतीला लागून.” त्यांनी आपल्या गोदामाची मागची भिंत दाखवली. मी गाडी काढून ग्रामपंचायतीत गेलो, स्टेशनवर गेलो, कोल्हापुरातल्या दोनचार लॉजवर चौकशी केली. ती बाई निघून गेली होती.

त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचत गेलो. १९३९ च्या सप्टेंबरात पोलंडवर पश्चिमेकडून जर्मनीने आणि पूर्वेकडून रशियाने झडप घातली. पूर्व पोलंडातल्या लाखो माणसांना सोव्हिएत सत्तेने पुढच्या दीड-दोन वर्षांत गुरांच्या डब्यांत कोंबून सायबेरियात, कझाकस्तानात नेलं. १९४१ मध्ये हिटलरने रशियावरच हल्ला केला, तेव्हा गणितं बदलली आणि या कैद्यांची सुटका झाली. पुरुष जनरल आंडर्सच्या सैन्यात भरती झाले. बायकामुलं कास्पियन समुद्र ओलांडून इराणात आली आणि तिथून जगभर पांगली. कुणी आफ्रिकेत, कुणी मेक्सिकोत, कुणी न्यूझीलंडमध्ये. जामनगरच्या जामसाहेब दिग्विजयसिंहांनी १९४२ मध्ये बालाचडीला शेकडो मुलांना आसरा दिला, ती गोष्ट आता बऱ्याच जणांना ठाऊक आहे. पण त्याहून कितीतरी मोठी वसाहत १९४३ मध्ये कोल्हापूर संस्थानात, वळिवड्याला उभी राहिली. सुमारे पाच हजार माणसं, त्यांत बहुतेक बाया आणि पोरं. त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, नाटकं होत होती, स्काउटची पथकं होती. १९४८ पर्यंत पोलंडचं एक लहानसं गाव करवीरच्या मातीत नांदत होतं. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात या मंडळींनी पुढे कृतज्ञतेचा स्तंभ उभारला. ख्रिस्ती दफनभूमीत त्यांच्यातल्या काहींच्या कबरी आहेत.

आणि १९४८ साली ती माणसं घरी परतली, असं आपण समजतो. तसं झालं नाही. युद्धानंतर देशांच्या सीमाच सरकल्या. ज्या गावांतून त्यांना उचललं होतं ती गावं आता सोव्हिएत संघात गेली होती. घर होतं, पण ते दुसऱ्या देशात. म्हणून बहुतेक जण इंग्लंडला वगैरे गेले. त्यांच्या रिकाम्या बराकींत सिंधमधून आलेली माणसं शिरली, ज्यांचंही घर असंच दुसऱ्या देशात राहिलं होतं. एकाच भिंतीला टेकून दोन देशांची माणसं रडली असतील. हे सगळं ज्या गावात घडलं तिथे मी तीन वर्षं नोकरी केली आणि विचारायला आलेल्या बाईला ग्रामपंचायतीचा पत्ता दिला.

२०१९ मध्ये निवृत्त झालो. तेव्हापासून मी पोलंड, पोलंड करत होतो. सौ. एक दिवस वैतागून म्हणाली, “अहो, एकदाचे जाऊन तरी या, नाहीतर हे बोलणं बंद करा.” मी म्हणालो, एकटा जाणार नाही. ती म्हणाली, तिथे मला खायला काय मिळणार? सौ. शुद्ध शाकाहारी. इथूनच आमच्या स्वस्त प्रवासाचा अभ्यास सुरू झाला.

राहण्याची युक्ती मुलाच्या मित्राने सांगितली. पोलंडच्या विद्यापीठांना उन्हाळ्यात सुट्टी असते आणि रिकाम्या वसतिगृहांतल्या खोल्या प्रवाशांना भाड्याने देतात. हॉटेलच्या निम्म्याहून कमी पैशात दोन पलंग, दोन टेबलं, एक कपाट, मजल्यावर सामाईक स्वयंपाकघर. क्राकूव्हच्या वसतिगृहात आम्हांला तिसऱ्या मजल्यावरची खोली मिळाली. चौसष्टाव्या वर्षी मी पुन्हा होस्टेलवासी झालो. शेजारच्या खोलीत लिथुआनियाचे एक शाळामास्तर होते. सामाईक चुलीवर सौ.ने चिन्नोर तांदळाचा भात लावला की त्यांचं दार हमखास उघडायचं. भिवापुरी मिरचीचा ठेचा त्यांनी एकदाच चाखला. त्यानंतर ते दुरूनच नमस्कार करत.

जेवणाची युक्ती मात्र आम्हांला तिथेच सापडली आणि ती या सगळ्या प्रवासातली सर्वांत मोठी कमाई. तिला म्हणतात ‘बार म्लेच्नी’, म्हणजे दुधाचा बार. पवनीत आल्यावर मी भर टपरीवर सांगितलं की, आम्ही नवराबायको रोज दोन वेळा बारमध्ये जेवायचो, तेव्हा जो हशा पिकला तो अजून ओसरलेला नाही. या बारमध्ये दारू नसते. दूध, दही, पीठ, अंडी, भाजीपाला यांचं साधं जेवण स्वस्तात द्यावं, ही मूळ कल्पना. पहिला दुधाचा बार वॉर्सात १८९६ साली निघाला. कम्युनिस्ट राजवटीत ते गल्लोगल्ली झाले आणि त्या राजवटीनंतर पुष्कळसे बंद पडले. पण जे उरले त्यांच्या बिनमांसाच्या पदार्थांना सरकार अजूनही अनुदान देतं. स्वस्ताईचं रहस्य हे.

आत शिरलं की भिंतीवर पदार्थांची लांबलचक यादी. काउंटरवरच्या बाईला सांगायचं, पैसे द्यायचे, चिठ्ठी घ्यायची. ती चिठ्ठी स्वयंपाकघराच्या खिडकीत सरकवायची आणि उभं राहायचं. आतून आरोळी आली की आपली ताटली उचलायची. जेवण झालं की ती ताटली दुसऱ्या खिडकीत आपणच नेऊन द्यायची. टेबलं पुसट, खुर्च्या जुन्या, वाढणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावर हसू औषधालाही नाही. मला एस.टी. कँटीनची आठवण येऊन एकदम घरच्यासारखं वाटलं. शेजारच्या टेबलावर विद्यार्थी, पलीकडे हातात पिशवी घेतलेली पेन्शनर आजी, त्यापलीकडे टाय लावलेला कुणी वकीलबिकील. सगळ्यांची ताटली एकच.

सौ.ची पहिल्याच दिवशी सोय झाली. पिएरोगी म्हणजे आपल्या करंजीच्या आकाराचे, पण उकडलेले. आत बटाटा आणि पनीरसारखं चीज. प्लात्स्की म्हणजे किसलेल्या बटाट्याची धिरडी, थेट आपल्या एकादशीची. काशा म्हणजे कुट्टूचा मोकळा भात. बार्श्च हे बिटाचं आंबूस सार, जे मी रोज प्यालो. मिझेरिया नावाची काकडीची कोशिंबीर आली तेव्हा सौ. म्हणाली, “यात फक्त दाण्याचं कूट राहिलं.” फळं उकळून केलेलं गार कोंपोत प्यायचं की झालं जेवण. दोघांचं मिळून चाळीस-पंचेचाळीस झ्वॉटी. शाकाहाऱ्यांसाठी एक सूचना मात्र फार महत्त्वाची. पदार्थ शाकाहारी असला तरी वरून डुकराच्या चरबीचे तळलेले तुकडे भुरभुरायची पद्धत असते. म्हणून काउंटरवरच ‘बेझ स्क्वारेक’ म्हणायचं, म्हणजे ते नकोत. सौ.ने हे दोन शब्द गायत्री मंत्रासारखे पाठ केले होते.

भाषेची भीती वाटत होती. ती भाषा लिहिताना व्यंजनांवर व्यंजनं चढतात आणि वाचणाऱ्याची बोबडी वळते. पण कान देऊन ऐकलं तर मौज आहे. दोनला ‘द्वा’, तीनला ‘त्शी’, चारला ‘च्तेरी’, शंभराला ‘स्तो’. भाऊ म्हणजे ‘ब्रात’, घर म्हणजे ‘दोम’, विस्तव म्हणजे ‘ओगियेन’, आपल्या अग्नीचा लांबचा चुलत भाऊ. दुकानात शिरताना, लिफ्टमध्ये पाऊल टाकताना ‘जेन दोब्री’ म्हणायचं, एवढं केलं की कपाळावरच्या आठ्या कमी होतात. हसणं वाटेल तिथे उधळायची त्यांची रीत नाही. पण एक सांगतो, अठरा दिवसांत ट्राममध्ये सौ. पाच मिनिटंही उभी राहिली नाही. कानात बोंडं घातलेली पोरं, हातांवर गोंदलेल्या पोरी, म्हातारं माणूस दिसलं की न बोलता उठत.

ट्रामचं तिकीट नुसतं घेऊन भागत नाही, आत चढल्याबरोबर डब्यातल्या यंत्रात घालून त्यावर वेळ उमटवून घ्यावी लागते. हे न करणारा तिकीट असूनही फुकट्या. आम्ही पहिल्या दिवशी कोरं तिकीट जपून पाकिटात ठेवलं होतं. एका आजींनी ते सौ.च्या हातातून काढून घेतलं, यंत्रात घातलं, परत दिलं आणि बोट नाचवत जे काही सुनावलं त्यातला एक शब्द कळला नाही, पण आशय पूर्ण कळला. तशीच दुसरी फजिती स्वच्छतागृहाची. दारावर चित्र नाही, अक्षर नाही. एकावर गोल, एकावर त्रिकोण. गोल बायकांचा, त्रिकोण पुरुषांचा. मी अर्थात गोलात शिरलो होतो. बहुतेक रविवारी दुकानं कायद्यानेच बंद असतात, हेही उपाशी राहून शिकलो. संग्रहालयं मात्र आठवड्यातून एक दिवस बहुधा मोफत. तो वार पाहून आम्ही दिवस आखत गेलो. पेन्शनरला वेळेची कमतरता नसते.

क्राकूव्हचा मोठा चौक १२५७ साली आखलेला, बाजूला जवळपास दोनशे मीटर. तिथे दर तासाला सेंट मेरी चर्चच्या मनोऱ्यावरून एक तुतारीवाला चारही दिशांना एक सूर वाजवतो आणि तो सूर मध्येच तुटतो. जुन्या काळी तार्तरांची धाड येताना पाहून इशारा देणाऱ्या तुतारीवाल्याच्या गळ्यात बाण लागला, म्हणून तिथेच थांबायचं, अशी दंतकथा. वाजवणारे असतात अग्निशमन दलाचे जवान. दुपारी बाराचा सूर १९२७ पासून रेडिओवरून साऱ्या देशाला ऐकवला जातो. निळ्या गाड्यांवर ओबवाझानेक नावाची पिळाची कडीसारखी पोळी मिळते. दोनतीन झ्वॉटींत न्याहारी. ती चघळत आम्ही ती तुतारी सहा वेळा ऐकली. फुकट होती.

पण मला क्राकूव्हमध्ये जे लागलं ते दुसरंच. जुन्या शहराभोवती तट होता, खंदक होता. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तट मोडकळीला आला, तेव्हा बराचसा पाडला. पण एक वेस आणि थोडी भिंत राखली आणि खंदक बुजवून तिथे झाडं लावली. आज सुमारे चार किलोमीटरचा बागेचा पट्टा शहराला वेढून आहे. त्याला प्लांती म्हणतात. संध्याकाळी नऊ वाजेपर्यंत उजेड असतो. म्हातारे बाकांवर बसलेले, पोरं सायकलींवर. मी बाकावर बसून सौ.ला म्हणालो, “आपल्या पवनीलाही तीन बाजूंनी तट-खंदक आणि चौथ्या बाजूला वैनगंगा.” ती म्हणाली, “हो, आणि खंदकात आपण काय टाकतो तेही सांगा.”

तिथून व्रोत्स्वाफ. हे शहर १९४५ पर्यंत जर्मनांचं ब्रेस्लाऊ होतं. जर्मन गेले आणि पूर्वेकडून, ल्वूव्हकडून उखडलेले पोलिश लोक आले. येताना ग्रंथालयं, चित्रं, पुतळे घेऊन आले. रस्त्यारस्त्यात वीतभर उंचीचे ब्राँझचे बुटके उभे केलेले आहेत. पोरं यादी घेऊन ते शोधत फिरतात. आम्हीही शोधले, सौ. एकोणचाळीसपर्यंत पोचली. पण जुन्या घरांच्या भिंतींकडे पाहताना मला गांधीनगरच दिसत होतं. एकाने सोडलेलं घर, दुसऱ्याने मांडलेला संसार.

मधे एक दिवस आम्ही आउश्वित्झला गेलो. त्याबद्दल रविवारच्या पानात लिहिणार नाही.

शेवटचा मुक्काम वॉर्सा. इथलं जुनं शहर बघून सौ. म्हणाली, किती छान जपलंय! जपलेलं नाही. १९४४ च्या उठावानंतर जर्मनांनी हे शहर घर क्रमांकाप्रमाणे सुरुंग लावून, आगी लावून पाडलं. जुन्या भागातली शंभरातली पंच्याऐंशीहून अधिक घरं नाहीशी झाली. मग त्याच लोकांनी ढिगाऱ्यातल्या विटा निवडून ते पुन्हा बांधलं. वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी पूर्वी मोजमापं घेऊन काढलेले नकाशे युद्धात लपवून ठेवले होते, ते कामी आले. काही इमारतींसाठी बेलोत्तो या इटालियन चित्रकाराने अठराव्या शतकात काढलेली चित्रं समोर ठेवली. राजवाडा तर १९७१ ते १९८४ एवढी वर्षं लोकवर्गणीतून उभा राहत होता. युनेस्कोने १९८० मध्ये या नव्या जुन्या शहराला जागतिक वारशाच्या यादीत घातलं. काही जाणकार नाक मुरडतात. म्हणतात, हे नाटकाचे पडदे आहेत. असतील. पण ज्याचं घर पाडलं त्यालाच ते पुन्हा बांधायचा हक्क असतो. इतिहासतज्ज्ञाने त्यात फार बोलू नये, असं माझं मत झालं.

आम्ही मुद्दाम १ ऑगस्टपर्यंत थांबलो. उठाव त्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता सुरू झाला होता. दरवर्षी बरोबर पाचला भोंगे वाजतात. आम्ही एका मोठ्या चौकात फुटपाथवर उभे होतो. भोंगा सुरू झाला आणि मोटारी जिथल्या तिथे थांबल्या. चालणारी माणसं थांबली. आइस्क्रीम खाणाऱ्या पोरीचा हात खाली आला. एक मिनिट. मग पुन्हा सगळं सुरू. भाषण नाही, बॅनर नाही, कुणाचा फोटो नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही ती जागा शोधली. जनरल आंडर्सच्या नावाच्या रस्त्याजवळ माँटे कॅसिनोच्या लढाईचं स्मारक आहे. त्याच्या जवळच वळिवड्याच्या छावणीचं स्मारक, कोल्हापूरचे आभार मानणारं. जामसाहेबांच्या नावाचा, ‘चांगल्या महाराजांचा’ चौक वेगळा आहे, तिथेही गेलो. २०२४ मध्ये आपले पंतप्रधान या दोन्ही ठिकाणी फुलं वाहून आले, तेव्हा वर्तमानपत्रांत फोटो झळकले. आम्ही गेलो तेव्हा तिथे कुणी नव्हतं. एक कुत्रा फिरवणारे गृहस्थ होते. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, शिळेकडे पाहिलं आणि विचारलं, “इंडिया?” मी म्हणालो, “कोल्हापूर. तीन वर्षं.” तेवढंच माझ्या इंग्रजीत बसलं. त्यांनी टोपी काढली. मला फार अवघडल्यासारखं झालं. ती टोपी माझ्यासाठी नव्हती, हे मला माहीत होतं, त्यांना नव्हतं. सौ.ने पर्समधून हळदीकुंकवाची पुडी काढली, शिळेच्या पायाशी एक बोट टेकवलं. मी मनातल्या मनात त्या बाईची माफी मागितली. ती हयात असली तर नव्वदीची असेल.

आता पवनीचं सांगतो, कारण टपरीवर हे कुणी ऐकत नाही.

१९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्याने पवनीत उत्खनन केलं. शां. भा. देव आणि ज. प. जोशी या विद्वानांनी. मी दहा वर्षांचा होतो. शाळा सुटली की आम्ही पोरं जगन्नाथ टेकडीवर धावायचो. ज्या टेकडीवर जगन्नाथाचं देऊळ आहे, आम्ही पतंग उडवायचो, ती टेकडी नव्हतीच. तो स्तूप होता. सांचीच्या मोठ्या स्तूपाच्या तोडीचा, दोन हजार वर्षांहून जुना. कोरीव कठडे निघाले, ब्राह्मी अक्षरं निघाली, बुद्धावर फणा धरणारा मुचलिंद नाग निघाला. हे अवशेष संग्रहालयांत गेले आणि ते योग्यच झालं, नाहीतर त्यांवर आम्ही धुणी धुतली असती. त्याआधीही इथे भार कुळातल्या भगदत्त राजाचा शिलालेख सापडला होता, वा. वि. मिराशींनी तो प्रसिद्ध केला.

आणि आता उलटा विचार करून पाहा. पोलंडचा एखादा पेन्शनर बायकोला घेऊन पवनीला आला तर? नागपूरहून ऐंशी किलोमीटर. पूर्वी नागपूर-नागभीडची छोटी रेल्वे होती, ‘पवनी रोड’ नावाचं स्टेशनही होतं. २०१९ मध्ये मार्ग रुंद करायला ती बंद केली. एस.टी. आहे. एका पाषाणावर पाच गणपती असलेला पंचानन, विदर्भाच्या अष्टविनायकांतला, त्याला दिसेल. ओळीने घाट दिसतील. विदर्भाची काशी म्हणतात ते उगाच नाही. पण घाटावर पाणी किती असेल ते वर गोसीखुर्दच्या तेहतीस दरवाजांवर अवलंबून, आणि कसं असेल ते नागपूरच्या नागनदीवर. कोष्टीपुऱ्यात विचारलं तर रेशीमकाठाची गोष्ट सांगणारे म्हातारे भेटतील. माग किती चालू आहेत ते त्याने स्वतः मोजावेत. हिवाळ्यात आला तर झाडीपट्टीचं नाटक बघायला मिळेल. शंकरपट संपला की रात्री दहाला सुरू होणारं आणि पहाटे संपणारं, हजारो माणसं थंडीत घोंगड्या पांघरून बघतात ते. वॉर्साच्या कुठल्याही थिएटराला मी ते दाखवायला तयार आहे. कऱ्हांडल्याच्या जंगलात वाघ आहे. जेवायला लाखोरीची डाळ, तांदळाची भाकरी. सगळं स्वस्त. फक्त राहील कुठे, आणि स्तूप कुठे म्हणून विचारलं तर त्याला कोण सांगेल? बहुतेक आम्ही म्हणू, नगरपरिषदेत विचारा.

गेल्या माघात असे दोघे खरोखर आले. पोलंडचे नव्हेत, अकोल्याचे. मोटारसायकलवर, कॉलेजची पोरं. टपरीवर विचारत होते, “काका, इथे स्तूप कुठाय?” चहावाला म्हणाला, “स्तूप नाही बा, इथं देऊळ आहे.” मी चहा तसाच ठेवला आणि म्हणालो, “चला.”

टेकडीवर त्यांना हिंडवलं. एकाने विचारलं, खोदकाम नेमकं कुठे झालं होतं? मी इकडे बोट दाखवलं, मग तिकडे. दहा वर्षांच्या पोराला ती जागा फार मोठी वाटायची. छातीठोक सांगता येईना. मग त्यांना घरी आणलं. परसात, न्हाणीच्या मागची भिंत आजोबांच्या वेळची आहे. तिचं प्लास्टर मी पोलंडहून आल्यावर थोडं खरवडून ठेवलं आहे. आत विटा आहेत, आजकालच्या विटेच्या दुपटीहून लांब, जाडजूड. एक पोरगा वीत लावून मोजायला लागला. “काका, या कुठल्या?”

“टेकडीवरच्या.”

“इथे कशा आल्या?”

“आजोबांनी आणल्या. तेव्हा सगळेच आणायचे.”

त्याने मोबाइलवर फोटो काढला. सौ.ने आतून विचारलं, जेवूनच जाणार ना? पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मी म्हणालो, हो, जेवून जाणार, आणि अंधार पडला तर राहणारही.